सरकत्या दांड्यांची पुळण: आडबाजूच्या किनाऱ्यावर सर्फिंग, पहिल्या पायरीपासून शेवटच्या चढणीपर्यंत

मागच्या महिन्यात जिथे लाट सुरेख फुटत होती, त्याच जागी या वेळीही बोर्ड घेऊन उतरायचं. कोकणातल्या वाळूच्या किनाऱ्यांवर सर्वांत जास्त वेळा होणारी चूक ही आहे. खडकावर फुटणारी लाट वर्षानुवर्षं एकाच जागी फुटते, वाळूच्या दांड्यावरची, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या लांबट उंचवट्यावरची, तशी फुटत नाही. दांडा पंधरा दिवसांत पन्नास पावलं सरकतो, मधेच तुटतो, किनाऱ्याला येऊन चिकटतो. खाडीच्या तोंडाजवळ तर एका उधाणात सगळं चित्र पालटतं.

हा लेख अशा पुळणींसाठी आहे जिथे एका टोकाला खाडीचं तोंड आहे, दुसऱ्या टोकाला खडकाळ डोंगर, आणि गाडी लावून बराच वेळ चालल्याशिवाय किंवा पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरल्याशिवाय लाटेपर्यंत पोचता येत नाही. नमुना म्हणून सिंधुदुर्गातली भोगव्याची पुळण डोळ्यांपुढे ठेवा. उत्तरेला देवबाग आणि भोगवे यांच्या मधून कर्लीची खाडी समुद्राला मिळते, दक्षिणेला निवतीचा किल्ला. गावापर्यंत रस्ता आहे, पण खाडीकडच्या टोकाला जायचं तर वाळूतली पायपीट चुकत नाही. सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवरून, पाखाडीने उतरायच्या छोट्या पुळणी रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुष्कळ आहेत आणि त्यांनाही हीच पद्धत लागू पडते.

अशा ठिकाणी जीवरक्षक नसतो हे धरून चाला. समुद्रात न थांबता ४०० मीटर पोहता येत नसेल, फुटत्या लाटांमधून स्वतःच्या बळावर बोर्ड बाहेर काढता येत नसेल, तर ही पुळण अजून तुमच्यासाठी नाही. आधी प्रशिक्षकासोबत सोप्या किनाऱ्यावर शिका. आणि एकट्याने कधीच नाही. दोघं पाण्यात, तिसरा किनाऱ्यावर, ही किमान संख्या.

## १. दिवस निवडा: आधी स्वेल, मग वारा, मग भरती

हंगाम. जून ते सप्टेंबर हा विषयच नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणजे अडचणीत धावून येणारी होडीही बहुधा पाण्यात नसते. पावसाळ्यात किनाऱ्याची वाळू आत समुद्रात ओढली जाते आणि तिचे दांडे बनतात. ऑक्टोबरमध्ये हे दांडे किनाऱ्यापासून दूर आणि ठळक असतात. पुढे हिवाळ्यात लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत किनाऱ्यावर आणून टाकतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चपर्यंत बरेच दांडे किनाऱ्याला टेकलेले आढळतात आणि लाट थेट काठावर आपटते. एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत दक्षिण महासागरातून लांब पल्ल्याचा स्वेल, म्हणजे दूरच्या वादळांनी उठवलेल्या लाटांची रांग, येऊ लागतो. थोडक्यात, ऑक्टोबर आणि एप्रिल-मे हे कामाचे महिने, मधले पाच महिने बहुधा शांत.

स्वेल. हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज बघा. त्यात लाटेची उंची, दिशा आणि पीरियड, म्हणजे दोन लाटांमधलं सेकंदातलं अंतर, मिळतं. नवखे फक्त उंची बघतात. ०.८ मीटर उंची आणि १५ सेकंद पीरियड असलेला नैर्ऋत्येचा स्वेल दांड्यावर आला की उभा राहतो आणि सलग फुटतो. १.२ मीटर उंची पण ६ सेकंद पीरियड असेल तर ते वाऱ्याने उठवलेलं खळबळीचं पाणी आहे. डिसेंबर ते मार्च या काळात वायव्येकडून येणाऱ्या लाटा बहुतेक अशाच आखूड असतात. सुरुवातीला ०.७ ते १.२ मीटर आणि १२ सेकंदांहून जास्त एवढीच मर्यादा ठेवा. इन्कॉईसने उंच लाटांचा किंवा स्वेल सर्जचा इशारा दिला असेल तर बेत रद्द.

वारा. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतो. दहा-अकराच्या सुमाराला समुद्राकडून येणारा खारा वारा सुरू झाला की लाट मागून ढकलली जाते आणि विस्कटते. म्हणून सगळं काम सकाळी.

भरती. इथे थोडा वेळ द्या, कारण सगळा बेत यावर उभा आहे.

दांड्यावर उत्तम लाट मिळते ती साधारणपणे भरती लागल्यानंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या तासात. आणि आपल्याला सकाळचा मतलई वाराही हवा. म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे पाच ते साडेसहाच्या दरम्यान हवी. असे दिवस कोणते, याचं उत्तर पंचांगात आहे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: पक्षातली तिथी गुणिले पाऊण, म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. अष्टमीच्या सुमाराला पहाटे भरती असते आणि सकाळभर पाणी उतरत राहतं, हे आपल्याला नको. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यानंतरची प्रतिपदा, हे दिवस साधारण बसतात.

हा हिशेब ढोबळ आहे, दिवस निवडण्यापुरताच वापरा. भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला ती मुंबईच्या आधी येते. नेमकी वेळ आणि उंची जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. मुंबईचा तक्ता बघून सिंधुदुर्गात उतरणं ही नेहमीची चूक आहे. उंचीतही मोठा फरक आहे: उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरच्या आसपास चढतं, मुरगावकडे दोन मीटरच्या आसपास.

> तपासा: स्वेलचा पीरियड १२ सेकंदांहून जास्त, सकाळी वारा पूर्वेकडून आणि मंद, ओहोटी पाच ते साडेसहाच्या दरम्यान. तिन्ही जुळत नसतील तर दिवस बदला. दोन जुळले म्हणून निघू नका.

## २. आदल्या दिवशी विचारपूस

उपग्रह नकाशा उघडा, पण त्यावरची तारीख बघा. बहुतेक वेळा ते चित्र काही महिने किंवा वर्षं जुनं असतं. त्यावरून दांडा शोधू नका. पुळणीची लांबी, खाडीचं तोंड, खडक, उतरायची वाट आणि पर्यायी वाट एवढंच त्यातून घ्या.

दांड्याची ताजी माहिती मासेमारी करणाऱ्यांकडे असते. आदल्या संध्याकाळी गावात जा, आणि तीनच प्रश्न विचारा: "काका, सध्या होडी कुठून बाहेर काढता? रापण कुठे लागते? पाण्याला ओढ कुठे आहे?" होडी नेहमी सर्वांत खोल चरातून निघते. म्हणजे जिथून होडी जाते तिथे पाणी बाहेर खेचलं जातं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दांडे आहेत. या एका उत्तराने सकाळचं अर्धं काम होतं.

रापणीचं उत्तर तितकंच महत्त्वाचं. होडीने जाळं अर्धगोल टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. दोर पाण्याखाली असतो आणि बोर्डवर पालथं पडल्यावर दिसत नाही. रापण चालू असेल तर त्या भागात उतरायचं नाही, ती ओढून होईपर्यंत थांबायचं. किनारा आधी त्यांचा आहे.

वाट कुणाच्या वाडीतून जाते का तेही विचारा. परवानगी घ्या, बेडं उघडलं तर मागे लावून पुढे जा.

## ३. सामान: जेवढं स्वतः वाहाल तेवढंच

- बोर्ड: कमरेएवढ्या, मवाळ लाटेसाठी सात ते आठ फुटी, जाड कडांचा. नऊ फुटी लाँगबोर्ड पाण्यात सुखाचा, पण अरुंद पाखाडीवर तो जांभ्याला घासतोच.
- लीश, म्हणजे बोर्ड घोट्याला बांधून ठेवणारी दोरी: बोर्डाएवढी किंवा थोडी जास्त लांब. घोट्याचा पट्टा ताणून बघा, फिरकी मोकळी फिरते का बघा, बोर्डाला बांधलेली दोरी झिजली असेल तर बदला. ती दोरी बोर्डाच्या कडेबाहेर येईल इतकी लांब नको. ओढ बसली की कड कापली जाते.
- वॅक्स (पाय सटकू नये म्हणून बोर्डाला लावायचं मेण): उष्ण पाण्याचं. आपल्याकडे पाणी २७ ते ३० अंश असतं, थंड पाण्याचं वॅक्स चिखलासारखं सुटतं.
- सुटे भाग: एक जादा फिन (बोर्डाच्या शेपटाखालची पट्टी), फिनची चावी, जादा लीश, तडा बुजवायची टेप.
- पाणी: माणशी चार लिटर. यातलं दीड लिटर वर चढतानासाठी राखून ठेवा, त्याला आधी हात लावू नका.
- बाकी: पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा पाण्यातला शर्ट), झिंक असलेलं सनस्क्रीन, शिटी प्रत्येकाच्या गळ्यात, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन, मलमपट्टी, थर्मासमध्ये गरम पाणी. शेवटच्या वस्तूचं कारण पुढे येईल.

एप्रिलमध्ये बोर्ड बंद गाडीत ठेवू नका. उन्हात आतली हवा फुगते आणि फायबरचा थर फोमपासून सुटतो. टपावर बांधताना पट्टा बोर्ड हलणार नाही इतकाच आवळा. जोर लावून आवळलेला पट्टा कडेला चेपतो आणि ती चेप पुढे तड्यात बदलते.

## ४. उतरणं

सूर्योदयाच्या आधी पोचा. एप्रिलमध्ये उजाडतं सहाच्या सुमाराला, त्यामुळे उतरताना डोक्यावरचा टॉर्च हवा.

गाडीपाशीच फिन काढून पिशवीत टाका. खाली उतरल्यावर लावा. जांभ्याच्या पायऱ्यांवर बोर्डाचं शेपूट टेकलं की पहिला बळी फिनचा आणि तिच्या खाचेचा जातो. खाच तुटली तर दुरुस्ती किनाऱ्यावर होत नाही. दोन माणसं आणि दोन बोर्ड असतील तर एकाने पुढे, एकाने मागे राहून दोन्ही काखांत एकेक टोक धरा. तोल राहतो आणि वळणावर बोर्ड झाडाला लागत नाही. पायात घट्ट सँडल हव्यात. दवाने ओल्या झालेल्या जांभ्यावर स्लीपर सरकते.

उतरता उतरता फोनला रेंज कुठे आहे ते बघत जा आणि शेवटची जागा लक्षात ठेवा. खाली बहुतेक ठिकाणी रेंज नसते. किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाला ती जागा दाखवा आणि तीन क्रमांक त्याच्या फोनमध्ये आधीच साठवा: ११२, तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. मदत मागायची वेळ आली तर त्याने पाण्यात यायचं नाही, त्या जागेकडे पळायचं, हे आधीच ठरवा.

## ५. उंचावरून चाळीस मिनिटं

हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि बाकीच्या चुका हिच्या पोटातून निघतात.

पूर्ण खाली जाऊ नका. पुळणीच्या डोक्यावर, जिथून सगळा पट्टा दिसतो अशा जागी बसा. पाच मिनिटं बघून काही कळत नाही. पंधरा सेकंदांचा स्वेल सेटमध्ये येतो: चार-पाच मोठ्या लाटा, मग दहा-पंधरा मिनिटं जवळजवळ शांतता. शांततेत बघून उतरलात तर मोठा सेट अंगावर आल्यावरच कळेल की दांडा अजून बाहेर आहे. निदान तीन सेट बघायचे म्हणजे चाळीस मिनिटं जातातच.

काय बघायचं:

पांढरं कुठे आहे. लाट ज्या जागी सर्वांत आधी फुटते तिथे पाणी उथळ, म्हणजे दांडा. ती जागा प्रत्येक सेटला तीच राहते का बघा. एक लाट इथे, दुसरी तिथे, असं होत असेल तर खाली एक सलग दांडा नाही, विस्कटलेले उंचवटे आहेत. तिथे वेळ घालवू नका.

पांढरं कुठे नाही. दोन फुटत्या पट्ट्यांच्या मधे दहा ते तीस मीटरचा एक भाग असतो, जिथे लाट फुटतच नाही. पाणी गडद, वर बारीक खळखळ, फेस आणि पालापाचोळा बाहेरच्या बाजूला सरकताना दिसतो. हाच चर. आत आलेलं पाणी इथून परत जातं, रिप करंट म्हणतात तो हाच. नवख्याला ही जागा सर्वांत शांत आणि पोहायला चांगली वाटते, त्यामुळे माणसं नेमकी इथेच उतरतात.

ऑक्टोबरमध्ये खाडीच्या गढूळ पाण्यामुळे रंगावर विसंबता येत नाही. तेव्हा फक्त फुटण्यावर आणि फेसाच्या सरकण्यावर लक्ष ठेवा. वाळलेली माडाची झावळी किंवा नारळाचं सोडण पाण्यात टाकून ती कुठे जाते ते बघणं हा खात्रीचा उपाय.

फुटण्याची दिशा. लाट एका टोकाकडून सुरू होऊन चराकडे उलगडत गेली तर तीच तुमची लाट. पन्नास-साठ मीटरची भिंत एकदम कोसळली तर तो क्लोजआउट. दांडा किनाऱ्याला समांतर आणि सरळ असला की हेच होतं. दांडा तिरका असेल किंवा त्याला मधे तुटलेली जागा असेल तर लाट उलगडते. म्हणून शोधायचं ते दांड्याचं टोक, मधला भाग नाही.

खूण जोडा. निवडलेल्या टोकासमोर किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरा, एक जवळची आणि एक दूरची. पुढचा वाकडा माड आणि मागच्या उतारावरचं लाल कौलांचं घर, असं काहीतरी. पाण्यात बसल्यावर हे दोन्ही एकमेकांवर दिसले तर तुम्ही जागेवर आहात. माड घराच्या डावीकडे सरकला तर तुम्हीही सरकलात. होडीवाले हेच करतात. किनाऱ्यावर ठेवलेली पिशवी खूण म्हणून धरू नका, शंभर मीटरवरून सगळ्या पिशव्या सारख्या दिसतात.

याच जागेवरून एक फोटो घ्या आणि त्यावर वेळ लिहा.

> इशारा: खाडीच्या तोंडापासून निदान अर्धा किलोमीटर दूर राहा. ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर धावतं आणि समोरून येणारा स्वेल त्यावर आपटून उभा राहतो. लांबून ती लाट उत्तम दिसते, पण तिथून परत यायला पाणी तुम्हाला साथ देत नाही. भरतीला उलटं, ओढ खाडीत जाते.

## ६. पूर्ण ओहोटीला पायी मोजणी

आता खाली या. पाणी सर्वांत कमी असताना दांड्याची खोली मोजायची, कारण इथून पुढचं वेळापत्रक या आकड्यांवर बसतं.

बोर्ड सोबत, लीश पायात, आणि सोबतीची नजर तुमच्यावर असताना किनाऱ्यापासून सरळ आत चाला. पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत पुढे सरकवा. वाळूत पाकट दबून बसलेलं असतं. त्याच्या कडेला पाय लागला तर ते पळतं, वर पडला तर शेपटीचा काटा मारतं. पाणी छातीच्या वर गेलं तर तिथूनच परत फिरा, पुढे जाऊ नका.

दोन आकडे लक्षात ठेवा: मधल्या चरात पाणी कुठवर आलं, आणि त्यापलीकडे दांड्यावर कुठवर. समजा चरात कमरेच्या वर, म्हणजे १.२ मीटर, आणि दांड्यावर गुडघ्याएवढं, म्हणजे अर्धा मीटर.

आता हिशेब. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर फुटते. ०.७ मीटरच्या लाटेला ०.९ मीटर पाणी हवं, १.२ मीटरच्या लाटेला दीड मीटर. दांड्यावर आत्ता अर्धा मीटर आहे, म्हणजे पाणी आणखी ०.४ ते १ मीटर चढायला हवं. भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात. चढ दोन मीटर असेल तर दोन तासांनी अर्धा मीटर, तीन तासांनी एक मीटर, चार तासांनी दीड मीटर.

म्हणजे ओहोटी सहाला असेल तर आठच्या थोडं आधी लहान लाटा नीट फुटू लागतील, नऊला मोठ्या. त्यानंतर लहान लाटा दांड्यावरून न फुटताच आत येतील आणि थेट काठावर आपटतील. दहाला खेळ संपला, तोवर वाराही फिरलेला असेल.

याच हिशेबात धोकाही दिसतो. ओहोटीला कमरेवर असलेला मधला चर चार तासांनी २.७ मीटर खोल असतो. दांड्यावर उभं राहून "इथे तर कंबरभरच पाणी आहे" असं म्हणणाऱ्या माणसाच्या मागे हा चर भरत असतो. तो परत चालत यायला निघतो आणि मधेच बुडतो. म्हणून मोजणी झाली की लगेच परत या. दांड्यावर उभं राहून भरतीची वाट बघू नका. बोर्डाशिवाय तर दांड्यावर जाऊच नका.

> तपासा: पाण्यात उतरण्याआधी बाहेर पडायची वेळ ठरवा आणि किनाऱ्यावरच्या माणसाला सांगा. वेळ झाली की तो तीन शिट्ट्या वाजवेल. लाटा कितीही चांगल्या असल्या तरी त्या वेळी बाहेर.

## ७. बाहेर जाणं

लाट फुटते त्या जागेतून सरळ बाहेर जायचा प्रयत्न करू नका. वीस मिनिटं पॅडल मारून दम संपतो आणि तुम्ही होता तिथेच असता. चराच्या कडेने जा, जिथे पाणी बाहेर खेचतं. ज्याची भीती बाळगायची तेच इथे कामाला येतं, पण फक्त कडेने, आणि दांड्याच्या पलीकडे गेल्याबरोबर तिरकं वळून जागेवर यायचं.

सेट संपल्यावर उतरा. शेवटची मोठी लाट फुटली की बोर्ड ढकला, तेव्हा आठ-दहा मिनिटं मिळतात. फेस समोर आला तर तुम्ही आणि लाट यांच्या मधे बोर्ड कधी येऊ देऊ नका, बोर्ड आडवा धरू नका. आठ फुटी बोर्ड पाण्याखाली दाबता येत नाही. दोन्ही कडा घट्ट धरून उलटे व्हा, बोर्ड वर आणि तुम्ही खाली, नाक किंचित खाली खेचून ठेवा. फेस वरून गेला की पुन्हा सुलटे व्हा. बोर्ड सोडून पाण्यात बुडी मारणं मागच्या माणसासाठी घातक आहे.

## ८. लाट घेणं आणि जागा राखणं

फुटण्याच्या रेषेच्या आठ-दहा मीटर बाहेर, दांड्याच्या टोकासमोर बसा. पहिला सेट घेऊ नका, बघा. भरती चढत असल्यामुळे फुटण्याची रेषा दर अर्ध्या तासाला किनाऱ्याकडे सरकते. ज्यांना हे माहीत नसतं ते नऊ वाजताही आठच्या जागी बसलेले असतात आणि लाटा संपल्या म्हणतात.

टेक-ऑफ, म्हणजे लाट पकडून उभं राहणं, तिरका घ्या, चराच्या दिशेने. सरळ खाली गेलात तर बोर्डाचं नाक बुडतं, कारण दांड्यावरची लाट अचानक उभी राहते. उभं राहण्याआधी नजर लाटेच्या खांद्याकडे, म्हणजे अजून न फुटलेल्या बाजूकडे, न्या. समोरची भिंत एकदम कोसळणार असं दिसलं तर बोर्डाचं शेपूट दाबून लाटेच्या मागे निघून जा. क्लोजआउट घेऊन दाखवण्यात काही मिळत नाही, त्याने फक्त मान दुखावते.

दर दहा मिनिटांनी जोडलेली खूण बघा. नैर्ऋत्येचा स्वेल किनाऱ्यावर तिरका येतो, त्यामुळे पाणी तुम्हाला उत्तरेकडे ढकलत राहतं. भोगव्यासारख्या ठिकाणी उत्तर म्हणजे खाडीचं तोंड. दोन खुणा ढळल्या आणि पाच मिनिटं पॅडल मारूनही परत जुळल्या नाहीत, तर पाण्यातच भांडत बसू नका. पुढच्या फेसावर पालथं पडून किनाऱ्यावर या, चालत दक्षिणेला जा आणि पुन्हा उतरा.

## ९. पडणं

या पुळणींवर सर्वांत गंभीर इजा बुडण्याखालोखाल मानेची होते. डोक्याच्या बाजूने बोर्डावरून कधीही उडी मारू नका. मागच्या किंवा बाजूच्या अंगाने, हात-पाय पसरून, सपाट पडा. पाण्याखाली गेल्यावर दोन्ही हात डोक्याभोवती घ्या आणि वर येताना एक हात पुढे ठेवा, कारण बोर्ड लीशच्या ताणाने परत येतो.

पाकटाचा काटा लागला तर लगेच बाहेर. जखम समुद्राच्या पाण्याने धुवा आणि पाय सहन होईल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास ठेवा. विषाची कळ उष्णतेने कमी होते. थर्मास यासाठी. पाण्याची उष्णता आधी न दुखणाऱ्या हाताने बघा, दुखत्या पायाला भाजलेलं कळत नाही. काटा रुतलेला असेल किंवा घाव छाती-पोटावर असेल तर काटा उपटू नका, दवाखाना गाठा. रापणीत समुद्री सापही येतात. वाळूवर पडलेला, मेल्यासारखा दिसणारा सापही हाताळू नका.

## १०. ओढीत सापडलात तर

बोर्ड सोडायचा नाही, ही पहिली आणि महत्त्वाची गोष्ट. बोर्ड असेपर्यंत तुम्ही तरंगता. किनाऱ्याकडे सरळ पॅडल मारू नका, ओढीचा वेग सेकंदाला एक मीटर गेला तर चांगला पोहणाराही हरतो. किनाऱ्याला समांतर, खाडीच्या विरुद्ध बाजूला, लाट फुटताना दिसते त्या दिशेला जा. जिथे पांढरं आहे तिथे दांडा आहे, आणि तिथला फेस तुम्हाला आत आणून सोडतो. दम संपला तर बोर्डावर बसा, एक हात वर करून हलवा, शिटी वाजवा. लीश तुटून बोर्ड गेला तर उताणे तरंगा आणि ओढ मंदावेपर्यंत वाट बघा. दांड्यांच्या पलीकडे बहुतेक वेळा ती सैल पडते.

## ११. बाहेर येणं आणि वर चढणं

उशिरा बाहेर येणाऱ्याला काठावरची लाट भेटते. ती थेट वाळूवर आपटते, आणि बोर्ड मोडतो तो बहुतेक इथेच. दोन सेटच्या मधल्या शांततेत या, फेसावर पालथं पडून. पाणी गुडघ्याएवढं झालं की उतरा आणि बोर्ड समुद्राच्या बाजूला न ठेवता किनाऱ्याच्या बाजूला धरा. परत फिरणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, तेव्हा थांबू नका, चालत राहा.

राखलेलं दीड लिटर पाणी आता. अर्धं चढण्याआधी, अर्धं वाटेत. साडेदहाच्या उन्हात ओल्या बोर्डासह चढताना चक्कर येते ती उपाशीपोटी. सोबत केळी, शेंगदाणे-गूळ असू द्या. नोव्हेंबर ते मार्च बऱ्याच पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तेव्हा कुंपण घातलेल्या भागाजवळून किंवा कोरड्या वाळूच्या वरच्या पट्ट्यातून बोर्ड ओढत नेऊ नका, ओल्या वाळूतून चाला.

वर पोचल्यावर सकाळच्याच जागेवरून दुसरा फोटो घ्या. खाली पाच गोष्टी लिहा: तारीख आणि तिथी, ओहोटीची वेळ, चराची आणि दांड्याची मोजलेली खोली, लाट कोणत्या वेळेला सर्वांत चांगली होती, जोडलेली खूण. पुढच्या वेळी ही नोंद उघडा ती दांडा किती आणि कोणत्या बाजूला सरकला हे बघण्यासाठी. उतरण्याची जागा मात्र त्या सकाळी पुन्हा चाळीस मिनिटं बसूनच ठरवा.

घरी गेल्यावर लीश, फिनचे स्क्रू आणि बोर्ड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. टेपखाली पाणी राहिलं असेल तर टेप काढा, तडा पूर्ण सुकल्याशिवाय रेझिन लावू नका.